सत्तेचाळीस नंबरचा आवाज

लोणी काळभोरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, लोखंडी ट्रंकेवर एक काळं लांबट वाद्य ठेवलेलं आहे. आल्यागेल्याची नजर त्यावर जातेच आणि प्रश्न ठरलेला असतो, "हा कॅसिओ कुणाचा?" मामू हयात असते तर चिडले असते. आपल्याकडे कुठलीही नक्कल म्हणजे झेरॉक्स, कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसा कळा असलेला कुठलाही विजेचा बाजा म्हणजे कॅसिओ. मामू म्हणायचे, "कॅसिओ नाही हो, रोलँड डी-फिफ्टी. नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या, तोही कुणाचा तरी बेटा आहे."

मामू म्हणजे माझ्या अम्मीचे धाकटे भाऊ. ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीत दहा दिवस, लग्नसराईत हळदीच्या रात्री, उरुसात कव्वालांच्या मागे. 1993 साली मुंबईहून त्यांनी हे वाद्य जुन्यातलं आणलं. त्यासाठी किती कर्ज काढलं, ते अम्मीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांचं घर एका खोलीचं, म्हणून वाद्य आमच्याकडे राहिलं.

अब्बांना हे पसंत नव्हतं. अब्बा टँकरवर ड्रायव्हर. लोणी स्टेशनजवळच्या तेलाच्या डेपोतून भरून निघायचे ते सोलापूरपर्यंत, कधी पुढेही. पाच वक्त नमाजी माणूस. गाणंबजावणं आपल्या दीनात बसत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण मेहुण्याला घराबाहेरही काढलं नाही. मामू रियाजाला बसले की अब्बा उठून मधलं दार लावून घ्यायचे, एवढंच. वाद दस्तरखानावर सुरू व्हायचा आणि चहावर थांबायचा. मामू म्हणायचे, "दुल्हेभाई, यात शब्दच नाहीत, मग बुरं काय आहे?" अब्बा म्हणायचे, "शब्द नाहीत म्हणूनच विचारतो, हे सांगतंय काय?"

मी सहा-सात वर्षांची असताना मामूंनी मला जवळ बसवून सांगितलं, "एकच कळ दाब आणि सोडू नकोस. थांब." मी दाबली. आधी काहीच नाही. मग दुरून कुणी यावं तसा आवाज हळूहळू येऊ लागला, भरत गेला, खोलीभर झाला. बोट उचललं तरी एकदम तुटला नाही, सावकाश विझला. मला वाटलं, थंडीत कुणी अंगावर गोधडी टाकली.

या आवाजाला वादक मंडळी 'पॅड' म्हणतात. ऑक्टोपॅडशी त्याचा संबंध नाही. पॅड म्हणजे गादी. गाणारा गातो, बासरी वाजते, तबला बोलतो, आणि या सगळ्यांच्या खाली हा अंथरलेला असतो. ऐकणाऱ्याचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. काढून घेतला तर मात्र काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटतं. आपल्या संगीतात हे काम तंबोरा कधीपासून करत आला आहे.

या यंत्रांची हकीकत मला पुढे कळली. 1983 साली यामाहाचा डीएक्स-7 आला. त्यामागचं गणित अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांचं. एका लहरीनं दुसरीला झपाझप हलवायचं आणि त्यातून नवा नाद काढायचा. घंटा आणि काचेसारखे आवाज त्यात फार सुरेख निघत. पण अनेकांना तो थोडा थंड वाटे. 1987 मध्ये रोलँडनं डी-50 काढला. तेव्हा यंत्राची स्मृती फार महाग होती. खऱ्या वाद्याचा पूर्ण आवाज साठवणं परवडत नसे. म्हणून त्यांनी युक्ती केली. आवाजाची फक्त सुरुवात, म्हणजे तारेवरचा आघात किंवा फुंकर, खऱ्या ध्वनिमुद्रणातून घ्यायची आणि पुढचा लांबणारा भाग यंत्रानंच घडवायचा. आपला कान सुरुवातीवरून वाद्य ओळखतो आणि पुढचं मानून घेतो. त्यावर शेवटी घुमारा द्यायची सोय यंत्रातच. गरिबीतून निघालेली तोड होती, पण त्यातून जो उबदार आवाज आला, तो पुढे स्मृती स्वस्त झाल्यावरही लोक शोधत राहिले. 1991 साली सगळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी 128 आवाजांची एक समान यादी ठरली. तिच्यात नव्वदाव्या क्रमांकाला नावच 'वॉर्म पॅड' असं आहे. तुमच्या घरात मुलांचा कीबोर्ड असेल आणि तो ही यादी पाळत असेल, तर नव्वद नंबर लावून एक कळ दाबून पाहा.

कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या लोणीचा सिनेमाशी जुना संबंध आहे. राज कपूर यांचं राजबाग इथलंच. 1978 च्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं चित्रीकरण इथं झालं, तेव्हा कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या पोरांत मामूही होते. त्या काळच्या सिनेसंगीतात ही गादी माणसं अंथरायची. व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसत, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक किती तरी. सिंथेसायझर आला आणि एका माणसाची दहा बोटं त्या रांगेच्या जागी बसली. मी ज्या उबेवर जीव टाकते, तिनं कित्येकांच्या चुली थंड केल्या. मामूंना हे ठाऊक होतं. पुढे त्यांच्यावरही तीच वेळ आली. तयार ट्रॅक लावून कार्यक्रम होऊ लागले आणि ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं. हडपसरला एका दुकानात ते हिशेब लिहू लागले. 2019 साली गेले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

वाद्य मात्र राहिलं, आणि त्यात मामूंचा एक आवाज राहिला. डी-50 मध्ये चौसष्ट आवाज साठवता येतात. आठ खाने आणि प्रत्येक खान्यात आठ. चौथ्या खान्यातला सातवा, म्हणून सत्तेचाळीस. त्याला मामूंनी रोमन अक्षरांत नाव दिलं होतं, 'लोणी सुबह'. तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की लोणीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे यवतकडे निघते. मामू फज्रची नमाज पढून परत येताना ओढ्याच्या पुलावर थांबायचे. म्हणायचे, "जवळ गेलं तर टाळ टाळासारखे वाजतात. लांबून ऐक, हजार टाळांचा एकच आवाज होतो. तो मला यात आणायचा आहे." किती वर्षं त्यावर बसले, कोण जाणे.

2023 च्या उन्हाळ्यात वाद्य चालू केलं तर छोट्या पडद्यावर बॅटरी तपासा, असा संदेश आला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केली. त्या काळातल्या अशा बऱ्याच वाद्यांत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. वाद्य बंद असताना साठवलेले आवाज तीच जपते. तिची उमर संपली की सगळं पुसलं जातं. बदलतानाही पुसलं जातं. कारागीर चांगला होता. म्हणाला, "मॅडम, घाबरू नका, कंपनीचे मूळ आवाज परत भरता येतात." पण सत्तेचाळीस नंबर कंपनीचा नव्हता. तो जगात या एकाच ठिकाणी होता.

आवाज तारेवाटे संगणकात उतरवून घेता येतात, हे भाच्यानं सांगितलं. सगळा ऐवज जेमतेम पस्तीस हजार बाइटचा. मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यानं स्वस्तातली एक केबल मागवली. तिच्यातून लांब संदेश धड जाईनात, दर वेळी मध्येच तुटायचे. चांगलं उपकरण मिळेपर्यंत बॅटरी टिकेल, याची खात्री नव्हती. शेवटी मी शिक्षिकेला सुचेल तेच केलं. शंभर पानी वही घेतली. बी.एड.ला पाठ टाचणं काढायचे तसे रकाने आखले आणि या एका आवाजाचे सगळे आकडे हातानं उतरवायला बसले. तीनशेहून जास्त आकडे होते. पडद्यावर एका वेळी दोन-चारच दिसतात. पुढचं बटण दाबायचं, वाचायचं, लिहायचं.

पहिल्या रात्री बारा वाजले. अब्बा पाणी प्यायला उठले. आता त्यांचं वय झालं आहे, झोप कमी. म्हणाले, "काय चाललंय?" मी सांगितलं. थोडा वेळ उभे राहिले, मग चष्मा घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले. "तू लिही. मी वाचतो. एकटीनं दोन्ही केलंस तर चुकशील."

तीन रात्री आम्ही बसलो. अब्बा मराठीतून आकडे वाचत, मी लिहीत. टँकरच्या पावत्या वाचण्याची सवय, त्यामुळे आवाज एकसुरी, स्पष्ट. मध्येच एकदा म्हणाले, "तुझा मामू पैशाच्या हिशेबात कधी पक्का नव्हता. इथं बघ, एकेक आकडा जागेवर."

बॅटरी बदलली. मी वहीतून सगळे आकडे परत भरले आणि कळ दाबली. आवाज आला, हळूहळू भरला, पण काहीतरी नव्हतं. सपाट. मेल्यासारखा स्थिर. मी स्वतःची समजूत घालत होते, एवढ्या वर्षांनी कान तरी काय खात्रीचे! तेवढ्यात मधल्या दारातून अब्बा म्हणाले, "असा नव्हता तो."

ज्या माणसानं वर्षानुवर्षं दार लावून घेतलं, त्याला तो आवाज पाठ होता.

आम्ही वही पुन्हा तपासली. मामूंचा आवाज दोन थरांचा. वरच्या थराच्या सुरापुढे मी 'चार' लिहिलं होतं, खालच्या थरापुढेही 'चार'. अब्बा बोटानं दाखवत म्हणाले, "दुसरा मी उणे चार वाचला होता." उणे चिन्ह माझ्या हातून सुटलं होतं. ते घातलं, पुन्हा कळ दाबली, आणि पालखीची पहाट परत आली.

त्या एका आडव्या रेघेत सगळी ऊब होती. दोन शेजारच्या कळांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर मामूंनी दोन थरांत आठ भागांचा फरक मुद्दाम ठेवला होता. दोन सूर अगदी एक असले की ते स्थिर उभे राहतात. किंचित वेगळे असले की कधी एकमेकांना भर घालतात, कधी कमी करतात, आणि आवाज श्वास घेतल्यासारखा हलतो. 440 आणि 441 कंपनांचे दोन नाद एकत्र वाजले तर सेकंदाला एकदा तो हेलकावा येतो. मिरजेला शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी, फरीदसाहेब सितारमेकरांपासून पिढ्यान्‌पिढ्या, जे तंबोरे घडवले आणि ज्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांतही मधल्या दोन तारा एकाच षड्जाच्या असतात. त्यांना जोड म्हणतात. त्या कितीही मिळवल्या तरी केसभर अंतर राहतं, आणि तंबोऱ्याचा तो जिवंतपणा काही अंशी त्या अंतरातूनच येतो.

सातवीच्या वर्गात ध्वनीचा पाठ शिकवताना लहरीला उर्दूत 'मौज' म्हणतात, हे मी सांगते. मराठीत मौज म्हणजे मजा. शब्द एकच, अरबीतून आलेला. पोरं हसतात. घरी गेल्यावर आई मराठीत बोलते, शाळेत बाई उर्दूत, आणि दोन्हींत थोडा थोडा फरक राहतो, यात आपलं काही बिघडलं नाही, हे त्यांना पुढे कधीतरी कळेल.

अब्बांचं मत बदललेलं नाही. मी विचारलंही नाही. ते आजही गाणंबजावणं योग्य मानत नाहीत आणि मी वाजवायला बसले की मधलं दार लावायला उठतात. पण आता ते पुरतं लागत नाही, याकडे मी लक्ष देत नाही असं दाखवते.

वाचकांपैकी कुणाच्या घरी माळ्यावर असं जुनं वाद्य पडलेलं असेल, तर ते एकदा चालू करून पाहा आणि कुणाचा स्वतः घडवलेला आवाज आत आहे का, ते बघा. असेल तर आजच उतरवून ठेवा. जमलं तर तारेनं, नाही तर हातानं. लिहिताना मात्र शेजारी दुसरं कुणी वाचायला बसवा, शक्यतो ज्याचं तुमच्याशी पुरतं पटत नाही असं कुणी.