महाबळेश्वरचें पाणी

महाबळेश्वर हें नांव काढतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें मे महिन्यांतील महाबळेश्वर : गार वारा, जांभळें, स्ट्रॉबेरी आणि सायंकाळीं सूर्यास्त पाहण्यासाठीं मुंबई पॉइंटवर लोटलेली मंडळी. परंतु ज्यास हें स्थळ खरोखर पाहावयाचें असेल त्यानें तें आषाढांत पाहावें, असें माझें मत आहे. घरांतील वडील मंडळींस तें मान्य होणार नाहीं, हें उघडच आहे.

वाईहून पसरणीच्या घाटानें वर चढूं लागावें. वाईस कृष्णेच्या कांठीं रिमझिम असते. पुष्कळदां ऊनहि असतें. पांचगणीस पोंचेपर्यंत छत्री उघडावी लागते, आणि महाबळेश्वरीं छत्रीचा उपयोगच संपतो. अंतर अवघें तीस-बत्तीस किलोमीटरांचें. परंतु वाईस वर्षाकांठीं हजार मिलिमीटरांच्या आंतच पाऊस, तर महाबळेश्वरीं तो साडेपांच हजारांच्याहि वर जातो. पूर्वी येथील लोक मृगाआधीं घराच्या भिंतींस गवताच्या झड्या बांधून सारें घर जणूं गुंडाळूनच ठेवीत. आतां त्या जागीं प्लॅस्टिकचे कागद दिसतात. ते दिसण्यास कुरूप खरे, पण भिंती कोरड्या ठेवतात.

सूर्य जवळ आला म्हणजे उन्हाळा व दूर गेला म्हणजे हिवाळा, अशी समजूत सुशिक्षितांतहि आढळते. वस्तुतः पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभीं, सुमारें १५ कोटी २० लक्ष किलोमीटरांवर. आणि सर्वांत जवळ असते ती जानेवारींत, म्हणजे आपण रजई पांघरून बसलेले असतों तेव्हां. ऋतु घडवितो तो पृथ्वीच्या आंसाचा साडेतेवीस अंशांचा कल. त्या कलामुळें मेच्या दुसऱ्या आठवड्यांत सूर्य महाबळेश्वराच्या बरोबर माथ्यावर येतो आणि मध्यान्हीं उभ्या काठीची सावली तिच्या पायाशींच लपते. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेल्या भूमीवरील हवा हलकी होऊन वर चढते व तिची जागा घेण्यास समुद्रावरील हवा धांवते. एडमंड हॅले यानें १६८६ सालीं मोसमी वाऱ्यांची उपपत्ति मांडली ती या उष्णतेच्या आधारावर; पृथ्वीच्या भ्रमणामुळें वारे वळतात, हा भाग जॉर्ज हॅडले यानें १७३५ सालीं पुढें आणला. दक्षिण गोलार्धांतून निघालेले हे वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येकडून आपल्या दारीं येतात.

ते रिकाम्या हातानें येत नाहींत. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारें २५ लक्ष जूल उष्णता लागते. ती सूर्य पुरवितो आणि वाफ ती पोटांत दडवून ठेवते. वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळून साडेचार हजार फूट वर चढला, कीं प्रसरण पावून थंड होतो. वाफेचें पुन्हा पाणी होतें आणि दडलेली उष्णता मोकळी होऊन हवेस आणखी वर लोटते. तीच हवा वाईकडे उतरतांना दाबली जाऊन पुन्हा तापते आणि ढग विरूं लागतात. वाईचें ऊन व महाबळेश्वरची झड हीं एकाच वाऱ्याचीं दोन रूपें आहेत.

ऑगस्टच्या आरंभीं सूर्य दुसऱ्यांदां येथें माथ्यावर येतो. पण त्या दिवशीं तो दिसला, असें सांगणारा मला येथें अद्याप कोणी भेटलेला नाहीं. त्यानेंच उभारलेल्या ढगांआड तो असतो.

येथवर हें सारें कौतुकाचें झालें. २०२१ सालच्या २३ जुलैला सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढें पाणी पडण्यासाठीं ढगांत जी उष्णता मोकळी झाली, तिचा हिशेब दर चौरस मीटरास विजेचीं सुमारें ४०० युनिटें असा येतो. एखाद्या लहान कुटुंबास ती तीन-चार महिने पुरावी. सूर्यानें विस्तीर्ण समुद्रावर थोडी थोडी सांठविलेली ही पुंजी एका दिवसांत एका डोंगरावर उधळली गेली. त्याच पावसांत, २२ जुलैला, महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. महाड शहर पाण्याखालीं बुडालें. हवा एका अंशानें अधिक तापली तर तींत सुमारें सात टक्के अधिक वाफ मावते, आणि अरबी समुद्र तर तापतोच आहे. तेव्हां असा दिवस पुनः येणार नाहीं, असें मानण्यास आधार नाहीं.

क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत एकाच गोमुखांतून कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचें पाणी पडतें, अशी श्रद्धा आहे. कृष्णा पूर्वेस वळून सुमारें १,४०० किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्रीस एवढा अवकाश नाहीं. आर्थर सीटवर धुकें क्षणभर फाटलें, कीं तिचें खोरें एकदम पायांखालीं दिसतें : काळे कडे, पांढऱ्या रेघांसारखे ओहोळ आणि तळाशीं कौलारू घरें. येथून ती उभ्या उतारानें महाडास जाते. महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकावरचा आंकडा म्हणजे महाडकरांस कांहीं तासांनीं दारीं येणारें पाणी.