दोन काचांमधली रेघ

यांना पक्षाघात होऊन दोन वर्षे झाली होती. उजवा हात अधू, बोलणे अडखळते. आम्ही तेव्हा अमेरिकेत, पोर्टलंडला मुलाकडे राहत होतो. औषधे, व्यायाम, पथ्य यांत माझा स्वर कधी चढू लागला, हे माझे मलाच उमगले नाही. सुनेच्या मात्र ते ध्यानात आले. आठवड्यातून तीन तास यांच्याजवळ स्वतः थांबण्याचे ठरवून तिने मला बळेच काचकामाच्या वर्गात धाडले.

तेथे रंगीत काचांचे तुकडे एकमेकांवर रचून विजेच्या भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला एकजीव करीत. मी पिरोजी काचेवर मलईरंगी काच ठेवली. भट्टीतून निघाली तेव्हा दोन्ही जेथे भिडल्या होत्या, तेथे गडद तपकिरी रेघ उमटली होती. तुकडा वाया गेला, असेच मला वाटले. शिक्षिका म्हणाल्या, "पिरोजी काचेत तांबे असते, या दुसरीत गंधक. तापल्यावर दोहोंचा संयोग होतो. दोष कोणत्याच काचेचा नाही. रेघ नको असेल, तर मध्ये साध्या पारदर्शक काचेची पट्टी ठेवावी."

घरी परतताना ते वाक्य मनातून जाईना. आमचे खटके नेमके संध्याकाळी, स्नानाच्या वेळी उडत. तेव्हा दोघेही थकलेले असू. मी स्नान सकाळी ठेवले आणि ते काम मुलाकडे सोपवले. आमच्या दोघांमध्ये ही पट्टी आल्यावर संध्याकाळ निवळू लागली. अर्थात लगेच नव्हे. काचही भट्टीत हळूहळूच निववावी लागते. घाईने बाहेर काढली, तर तडकते.

पुढे मी काचा घरी आणू लागले. चष्मा लावून कापणे आणि कडा ओल्या दगडावर घासणे माझ्याकडे. काचेची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून टेबल ओल्या फडक्यानेच पुसायचे. निवडलेले तुकडे डाव्या हाताने मांडणे यांच्याकडे.

एकदा यांनी पिरोजी काचेवर मलईरंगी तुकडा थेट ठेवला. मी म्हटले, "अहो, मध्ये पारदर्शक पट्टी हवी. नाहीतर रेघ उमटेल."

बराच वेळ शब्द जुळवून हे म्हणाले, "असू दे. आपलीच आहे."

ती तबकडी आज आमच्या देवघराजवळ आहे, रेघेसकट.