अक्षहृदय

लक्ष्मीपूजन आटोपले की नागपूरच्या महाल भागातील त्या घरात तीन पत्तीचा डाव मांडण्याची जुनी रीत होती. पणाला लागत ती रुपयाची नाणी. मुलगा शहरातीलच एका महाविद्यालयात संख्याशास्त्राचा प्राध्यापक. वडील शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. त्या रात्री एकेक जण पाने टाकून उठत गेला आणि अखेरीस पितापुत्र दोघेच समोरासमोर उरले. मुलाच्या हाती दोन एक्के आणि एक राजा होता.

त्याचे गणित सरळ होते. आपली तीन पाने वगळता ४९ उरतात आणि त्यांतून तीन पानांचे १८,४२४ हात संभवतात. त्याच्या जोडीला मात देणारे त्यांत थोडेच : तिन्ही पाने एकाच किमतीची असलेले ४५, क्रमाने येणाऱ्या पानांचे ६८० आणि क्रम नसला तरी एकाच रंगाचे ९०४. बेरीज १,६२९, म्हणजे शंभरात जेमतेम नऊ. एवढ्या बळावर कोणीही निर्धास्त खेळावे. पण वडिलांनी पाने पाहिली आणि चाल दुप्पट केली.

येथून पुढे मोजायचे ते पत्ते नव्हेत, समोरचा माणूस. हात चांगला असला की तो चाल वाढवणारच असे धरले आणि हलक्या हातावर तो दहातून एकदा हूल देतो असे मानले, तर नऊविरुद्ध एक्क्याण्णवाचे प्रमाण जवळजवळ बरोबरीवर येते. दहातून चारदा हूल देत असेल, तर हरण्याचा धोका पाचात एक इतकाच उरतो. कधीच देत नसेल, तर हार निश्चित. हा आकडा गड्डीत नसतो. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ साली खेळांच्या सिद्धान्तावरील आपल्या ग्रंथात पोकरचे विवेचन करताना हूल ही खेळाच्या तर्कातूनच निघते असे दाखवले. जो कधीच हूल देत नाही, त्याचा हात त्याच्या चालीवरून वाचता येतो. मुलाने हे वर्गात अनेकदा शिकवले होते. तरीही वडिलांच्या नावापुढे त्याने शून्य मांडले. चाळीस वर्षांत हा माणूस खोटे बोलल्याचे त्याला स्मरत नव्हते. त्याने पाने टाकली. पैसे भरून 'शो' मागता आला असता. तो त्याने मागितला नाही. वडिलांनी आपली पाने पालथीच गड्डीत सरकवली.

हेच वडील वर्गात नलोपाख्यान सांगत, तेव्हा एका जागी हमखास थांबत. अयोध्येहून विदर्भातील कुंडिनपुराकडे रथ धावतो आहे. बेहड्याच्या एका झाडाकडे पाहून ऋतुपर्ण सांगतो की त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. बेहड्याची फळे हेच तेव्हाचे फासे. बाहुकाच्या वेषातील नल उशीर होत असतानाही रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. संख्या जुळते. मगच तो अक्षहृदय विद्या घेतो, आणि कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. या कथेत संख्याज्ञानाचा विजय सहज दिसतो. वडिलांचा भर मात्र रथातून उतरण्यावर असे : ज्याने सर्वस्व गमावले आहे, तो दुसऱ्याचा अंदाज विश्वासावर घेत नाही.

गणित येणारा मुलगा त्या रात्री रथातून उतरला नाही. त्याने शून्य मांडले ते पुराव्यावरून की भक्तीने, हे त्याला आजही सांगता येत नाही. समीक्षकाचेही असेच होते. संहितेच्या शक्यता तो काटेकोरपणे मोजतो, पण लेखकाच्या सच्चेपणाची किंमत मोजणीपूर्वीच ठरवून आलेला असतो; आणि ती एक किंमत बदलली की उरलेली सारी बेरीज फिरते.

पुढल्या दिवाळीला वडील नव्हते. गड्डी कपाटात आहे. बावन्न पाने पुरी आहेत; त्यांतली ती तीन कोणती, हे सांगणारा उरलेला नाही.