स्लॅब टाकण्याआधी नेटचा पाइप

जालन्यात घर बांधणाऱ्याला सळईची जेवढी माहिती असते, तेवढी दुसऱ्या गावात क्वचितच कुणाला असेल. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलांतून निघणारी सळई दूरवर जाते, आणि स्लॅबला किती मिलिमीटरची सळई लावायची, किती अंतरावर बांधायची, यावर इथे चहाच्या टपरीवरही बोलणे होते. त्याच घरात इंटरनेट कसे फिरणार, हा विषय मात्र वास्तुशांत उरकल्यावर, नेटवाला दारात उभा राहिला की निघतो. मग फायबर जवळच्या खांबावरून खिडकीतून आत येते, हॉलच्या कोपऱ्यात डबा ठोकला जातो, आणि वरच्या मजल्यावर अभ्यास करणाऱ्या मुलीला रेंज मिळत नाही म्हणून महिन्याभरात मोठा राउटर घेण्याची चर्चा सुरू होते. जालना शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत घरांची अशी जुळवाजुळव पाहत आल्यावर माझे मत पक्के झाले आहे. घरातले नेट भरवशाचे होते की नाही, हे राउटरच्या किमतीवर ठरत नाही. भिंतीतून तार कुठवर नेली, यावर ठरते. जे यंत्र जागचे हलत नाही त्याला तार द्यावी. वायफाय हातात घेऊन फिरायच्या वस्तूंसाठी राखून ठेवावे.

हे मत केवळ सवयीतून आलेले नाही, त्यामागे आपल्या घरांची बांधणी आहे. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिली पट्टी भिंतीपलीकडे जरा लांब पोचते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच मिळतात, 1, 6 आणि 11. दाट वस्तीत शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांना त्यातच भागवावे लागते. दुसरी पट्टी वेगवान आणि मोकळी, पण भिंतीपुढे लवकर हार खाते. काँक्रीट लहरी शोषून घेते, सळई त्या परतवते, आणि दोन्ही मिळून वरच्या मजल्यावर जे उरते ते फोनच्या पडद्यावर एक-दोन काड्यांपुरतेच असते. परतूर, मंठा, घनसावंगीकडच्या गावांत आजही दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे उभी आहेत. तिथे एका खोलीतून दुसरीत जातानाच निम्मा जोर सरतो. पत्र्याच्या खोलीची गोष्ट आणखी वेगळी, कारण पत्रा म्हणजे सरळ धातूची भिंत. त्यात लोखंडी कपाट किंवा पाण्याची भरलेली टाकी मध्ये आली, तर राउटर कितीही नामांकित असो, काही उपयोग होत नाही.

भिंती नसत्या तरी वायफायची एक मर्यादा राहतेच, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे अलोहानेट सुरू केले. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा संदेश पाठवायचा, दुसऱ्याच्या संदेशावर आदळला तर पुन्हा पाठवायचा, अशी ती रीत होती. अब्रॅमसन यांच्याच गणिताप्रमाणे या रीतीने वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर 18 टक्क्यांच्या आसपास उपयोगात येत होती. त्या कल्पनेवरून रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तारेवरचे इथरनेट मांडले. सुरुवातीला तिथेही एकच तार सगळ्यांत वाटलेली होती. पुढे स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतःची तार मिळाली, आणि 1997 च्या मानकाने एकाच वेळी दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय पक्की केली. योगायोग असा की वायफायचे पहिले मानक त्याच वर्षी आले. तारेने वाटणीचा प्रश्न सोडवला, रेडिओला तो तसा सोडवता आला नाही, कारण हवा सगळ्यांची एकच असते. वायफाय म्हणजे एक ग्रामसभा आहे: एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, आणि लांब बसलेला हळू बोलू लागला की साऱ्यांचाच वेळ जातो. नव्या मानकांनी या सभेला चांगली शिस्त लावली हे खरे, पण सभा मोडली नाही. म्हणून टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि टेबलावरचा संगणक तारेवर गेले, की फायदा फक्त त्यांचा होत नाही. मागे राहिलेल्या मोबाइलांनाही हवा मोकळी मिळते. दिवसरात्र चित्र पाठवणारा घराबाहेरचा कॅमेरा वायफायवर ठेवणे तर मला अन्यायच वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चार-सहा अँटेनांचा जोरदार राउटर घेतला की झाले, भिंती कशाला फोडायच्या? पण बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. राउटरचा आवाज वरच्या खोलीत पोचला तरी फोनचा क्षीण आवाज राउटरपर्यंत परत यायला हवा, आणि फोनची शक्ती राउटर बदलून वाढत नाही. शिवाय परवान्याविना किती शक्तीने प्रक्षेपण करता येते यावर सरकारने मर्यादा घातलेली आहे, ती सर्व कंपन्यांना सारखीच. दुसरा आक्षेप मेशचा. दोन-तीन डब्यांचा मेश संच मीही वाईट म्हणणार नाही, पण ते डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर जी हवा मोकळी करायची तीच पुन्हा भरते. डब्यांमध्ये तार टाकली, की तोच संच उत्तम चालतो. तिसरा आक्षेप असा की आता फाइव्ह-जीचे नेट छतावरच्या अँटेनातून येते, मग तारेची गरज काय? ती अँटेना नेट घरापर्यंत आणते. घराच्या आतला प्रश्न तिथूनच सुरू होतो. खर्चाचा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही, कारण बांधकामाच्या अखेरीस प्रत्येक हजाराचा हिशेब असतो. तरी पाच पोर्टचा गिगाबिट स्विच साधारण हजार-दीड हजारात मिळतो, आणि स्लॅब-गिलाव्याआधी टाकलेल्या पाइपाचा खर्च लाइट फिटिंगच्या खर्चात कळूनही येत नाही. तोच पाइप नंतर टाकायचा म्हटले की भिंत फोडणे, पुन्हा गिलावा, पुन्हा रंग असा खर्च येतो.

तारेत फसवणूक फार होते, म्हणून इथे सावध राहावे. कॅट-6 असे छापलेल्या स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो; ती वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. पूर्ण तांब्याचीच केबल मागावी, टोक खरवडून आतला रंग पाहावा. घरापुरती कॅट-5ई सुद्धा गिगाबिटला पुरते. अट एकच, एका तुकड्याची लांबी 100 मीटरच्या आत हवी. लाइटच्या पाइपातून ती ओढू नये, तिचा पाइप वेगळा आणि थोडा अंतरावर असावा. घरापासून गोठा, गोदाम किंवा शेतातले शेड जोडायचे असेल तर तांब्याची तार टाकूच नये, असे मी आग्रहाने सांगतो. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा पडतात, माणसे-जनावरे दगावतात. जवळ वीज पडली तरी उघड्यावरच्या तांब्यात दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. फक्त तिच्यासोबतची आधाराची लोखंडी तार बाहेरच बांधून तोडावी, यंत्रापर्यंत आणू नये.

वीज गेली की नेट जाते, ही तक्रारही बहुतेक वेळा घरातच सुटते. फायबरचा डबा, राउटर आणि स्विच हे तिघे एकामागे एक आहेत. इन्व्हर्टरवर एकच राहिला आणि दुसरा साध्या प्लगवर, तर साखळी तुटते. तिन्ही एका जागी, इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवावेत. इन्व्हर्टर नसेल तर 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, मात्र डब्यांचा व्होल्टेज आणि अँपिअर आधी तपासावा. एवढे करूनही नेट बंद पडले, तर दोष कुठे आहे हे ओळखायला शिकावे. राउटरला तारेने लॅपटॉप जोडून वेग पाहावा, मग तोच वेग वायफायवर पाहावा. तारेवर वेग चांगला असेल तर नेटवाल्याशी भांडून उपयोग नाही. तारेवरही रडत असेल तर बिनदिक्कत तक्रार करावी.

बांधलेल्या घरात किंवा भाड्याच्या खोलीत हे सगळे जमत नाही, हे मान्य. तिथे कोपऱ्याकोपऱ्याने पांढरी केसिंग पट्टी नेऊन वरच्या मजल्यापर्यंत एकच तार पोचवावी आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा. त्या दुसऱ्या राउटरमधले यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचे काम (डीएचसीपी) बंद करायला विसरू नये, कारण एका घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघे वाटू लागले की प्रिंटर सापडत नाही, कॅमेरे हरवतात. दोन्हींचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तर फोन बहुधा आपोआप जवळच्याकडे वळतो.

ज्यांचे काम अजून स्लॅबच्या पातळीवर आहे, त्यांना माझी विनंती आहे. सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्याआधी, वायरमनला बोलावून राउटर ठेवायच्या मधल्या जागेपासून प्रत्येक मजल्यापर्यंत आणि टीव्हीच्या भिंतीपर्यंत 25 मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप टाकायला सांगा. तार आज घ्यायला पैसे नसतील तर राहू द्या. पाइपात नायलॉनची दोरी ओढून ठेवा आणि दोन्ही टोके बंद करून घ्या.