चिठ्ठी

आमच्या घरात वाचता येणारा पहिला मीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा. विजेचं बिल, रेशनकार्ड, एवढंच काय, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. "वाच बरं बाबू, काय लिवलं हाय?" असं माय म्हणायची आणि मी ऐटीत वाचायचो.

२०१९ च्या हिवाळ्यात बहिणीच्या शाळेत डॉक्टरांची गाडी आली. ती तिसरीत, मी सातवीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्या गाडीचं भारदस्त नाव. २०१३ साली आपल्याच पालघरातून तो देशभर सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांचे डोळे, दात, कान, हृदय तपासायचं. काही दुखत नसताना पोर डॉक्टरला दाखवायचं, ही गोष्टच आमच्या नाचणगावच्या वस्तीला अजब वाटायची. आमच्याकडे पोरानं अंथरूण धरल्यावर डॉक्टर आठवतो.

बहिणीचा डावा कान वाहायचा. पोरांचे कान वाहतातच, असं आजी म्हणायची आणि कोमट तेलाचे दोन थेंब सोडायची. त्या दिवशी बहीण चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठी इंग्रजीत, तीही डॉक्टरी अक्षरात. मायनं सवयीनं ती माझ्यापुढे धरली. मला एक शब्द लागला नाही. गुरुजींना विचारता आलं असतं. पण घरातला शिकलेला म्हणून जी काय माझी पत होती, ती जाईल असं वाटलं. मी म्हणालो, "काही नाही. कान कोरडा ठेवा म्हणते."

कापूस वेचणीचे दिवस होते. रोजी बुडणार नाही म्हणून मायला बरंच वाटलं. चिठ्ठी देवाच्या फोटोमागे गेली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या. गाडीही आली नाही. ती थेट २०२२ मध्ये आली, तोवर बहीण पाचवीत होती आणि वर्गात तिचं लक्ष नसतं अशी तक्रार होती. डॉक्टरीणबाईंनी मायला शाळेत बोलावलं. सोबत मी. "मागेच चिठ्ठी दिली होती, वर्ध्याला कानाच्या डॉक्टरला दाखवा म्हणून." मायनं माझ्याकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाली, "तवा लहान होता जी तो."

पडद्याला भोक होतं. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले योजनेत झालं, दवाखान्याला पैसा द्यावा लागला नाही. मात्र पुलगाव-वर्धा हेलपाट्यांत मायच्या किती रोज्या बुडाल्या, ते कोणत्याच योजनेत बसत नाही. ऐकू थोडं परत आलं, सगळं नाही.

मागच्या वर्षी वर्गात सरांनी सेवाग्रामच्या ज्वारीच्या विम्याची गोष्ट सांगितली. १९८० च्या सुमारास कस्तुरबा रुग्णालयानं आसपासच्या खेड्यांत तो चालवला. सुगीत ज्याची जेवढी ऐपत तेवढी ज्वारी द्यायची, त्यावर गावातच एक आरोग्यसेवक, आणि दुखणं वाढलंच तर रुग्णालय. सगळे हसले. ज्वारीचा हप्ता! मला हसू आलं नाही. त्या गावात चिठ्ठी समजावून सांगणारा माणूस गावातच असणार, एवढंच डोक्यात आलं.

ती चिठ्ठी मी फोटोमागून काढून ठेवली आहे. आता वाचता येते. दोनच ओळी आहेत.

बहीण आता आठवीत आहे. अभ्यासाला ती नेहमी माझ्या डाव्या हाताला बसते, उजवा कान माझ्याकडे करून.