शहाळ्याचे पाणी

आजाऱ्याच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आमच्या राजूरची रीत. कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या यांच्या धुराळ्यात राहणारी माणसे आम्ही. पण या रीतीत कधी उणे पडले नाही. बाबांचे हृदय थकल्याची बातमी पसरली आणि वणीच्या बाजारातून शहाळी येऊ लागली.

पायांवरच्या सुजेसाठी डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर स्पायरोनोलॅक्टोनची २५ मिलिग्रॅमची गोळी दिली होती. लघवी वाढवणाऱ्या बहुतेक गोळ्या शरीरातले पोटॅशियमही वाहून नेतात; ही मात्र ते राखून ठेवते. गोळी मोठ्या गुणाची. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ चाचणीत तिच्यामुळे हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांचे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले होते.

मीठ कमी करा म्हटल्यावर मी नागपूरहून कमी सोडियमचे मीठ आणले. आळणी वरणाला चव आली, बाबा खूश झाले आणि मी स्वतःवर खूश झालो.

शेजारच्या सिस्टर रोज सकाळी येत. वजन लिहून ठेवीत, घोट्यावर अंगठा दाबून खळगा बघत, नाडी मोजीत. एके दिवशी त्या मोजतच राहिल्या. नाडी फार मंद होती. बाबा म्हणाले, “पाय उचलतच नाहीत.”

“काकाजी, खाण्यापिण्यात काय काय असते?” असे विचारून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मिठाचे पाकीट घेऊन बाहेर आल्या. “भाऊ, हे कोणी आणलं?”

सोडियमच्या जागी काय घातले आहे, ते पाकिटावर छापलेले होते. पोटॅशियम! शहाळ्यातही तेच.

दवाखान्यात रक्तातले पोटॅशियम ६.८ निघाले, ते पाचाच्या आत असावे लागते. शिरेतून कॅल्शियम दिले, मग ग्लुकोज आणि इन्शुलिन. बाबांना मधुमेह नाही, मग इन्शुलिन कशाला, असे मी घाबरून विचारले. ते पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलते, असे उत्तर मिळाले. ती रात्र मी हृदयालेखाच्या पडद्याकडे बघत काढली.

सिस्टरांनी बाबांना आणखीही एक गोष्ट हळूच विचारली. छाती दुखते का? याच गोळीने पुरुषांची छाती कधी कधी सुजते. उभा जन्म खाणीत काढलेला माणूस हे कोणाला सांगणार? महिनाभर ते गप्प होते. पुढे डॉक्टरांनी ती गोळी बदलली. रक्ततपासणीच्या तारखा मात्र भिंतीवर लिहिलेल्याच आहेत.

शहाळी अजून येतात. आई ती घेते, फोडते आणि आणणाऱ्यालाच प्यायला देते. बाबा बघत असतात.