पतंगाची वीज

युरोपचा नकाशा काढा पाहू. आयर्लंडच्या पार पश्चिमेला, अटलांटिक महासागराच्या काठी मेयो परगणा आहे. तिथलंच बँगर एरिस हे छोटंसं गाव. भोवताली पाणथळ माळ, झाडं नावालाच. आणि वारा? डोक्यावर टोपी राहील तर शपथ!

या माळावर कुजलेल्या वनस्पतींची काळी माती असते, तिला पीट म्हणतात. ती वाळवली की जळते. जवळच्या बेलाकोरिकला २००५ पर्यंत पीट जाळून वीज करत. तिथंच १९९२ साली आयर्लंडच्या पहिल्या व्यापारी पवनचक्क्या फिरू लागल्या, एकवीस! आणि २०२३ साली बँगर एरिसला विजेसाठी चक्क पतंग उडाला.

पतंग ६० चौरस मीटरचा, म्हणजे तुमच्या अख्ख्या वर्गाएवढा! हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कंपनीनं तो बनवला. ढील दिली की तुमची चक्री कशी गरगरते? तस्सं. पतंग आकाशात इंग्रजी आठचे आकडे काढत दोर ओढतो, जमिनीवरचं रीळ फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र वीज करतं. मग पतंगाची ओढ कमी करून दोर भरभर गुंडाळायचा. त्यालाही वीज लागते, पण मिळते त्याहून कमी.

उंचावरचा वारा जोरकस. तो पकडायला इथं मनोरा नको, काँक्रीटचा पाया नको. पण मिळकत साधारण ३० किलोवॉट! मोठी पवनचक्की याच्या शंभरपट देते. शिवाय वारा पडला की पतंग उतरवा, कापड झिजलं की बदला. हा पतंग माणसाच्या देखरेखीविना महिनोन् महिने उडेल का? खरी परीक्षा तिथंच आहे.